चिवडा टिकवायचा तर पाकीट कोणतं? प्लास्टिक पॅकिंगचं नवं तंत्र आणि त्यातला धंदा

गेल्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या ताई दुकानदारांनी परत केलेली चिवड्याची पाकिटं घेऊन माझ्याकडे आल्या. पाकीट दिसायला देखणं होतं. बाहेरून मॅट, आतून चंदेरी, वर झिप आणि समोर माल दिसावा म्हणून गोल खिडकी. आतले पोहे मात्र सादळलेले होते आणि शेंगदाण्याला खवट वास येत होता. "सहा महिने टिकेल असं छापलंय, आणि पाचव्याच आठवड्यात माल परत येतोय," ताई म्हणाल्या. पाकीटवाल्यानं हलका माल गळ्यात मारला, अशी त्यांची खात्री झाली होती.

आम्ही बादलीभर पाणी घेतलं आणि न फोडलेलं एक पाकीट पाण्याखाली दाबून धरलं. वरच्या सीलच्या उजव्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. दुसऱ्या पाकिटातूनही आली, तिसऱ्यातून आली नाही. गळणारा कोपरा कापून भिंगाखाली धरला तेव्हा दोन थरांच्या मध्ये हळद-तिखटाची पूड आणि तेलाचा ओघळ स्पष्ट दिसला. चिवडा हातानं भरला जात होता, तो पाकिटाच्या तोंडाला घासत होता आणि सीलरचे जबडे त्या पुडीवरच दाबले जात होते. लॅमिनेट उत्तम प्रतीचं होतं, पण वरून हवा शिरत होती आणि समोरच्या खिडकीतून उजेड.

पदार्थ बनवणाऱ्या लहान उद्योजकांकडे मी हेच पुन्हा पुन्हा पाहतो. पाकीट निवडताना सुरुवात छपाईपासून होते. ती पदार्थापासून व्हायला हवी. आपला पदार्थ नक्की कशानं बिघडतो हे आधी ठरवायचं आणि मग तेवढंच अडवणारं प्लास्टिक घ्यायचं. नवं तंत्र भरपूर आलं आहे, त्यातलं बरंचसं गावातल्या उद्योगालाही परवडतं. पण चुकीच्या शत्रूवर खर्च केलेला पैसा पाण्यात जातो.

आधी शत्रू ओळखा

चिवडा, शेव, चकली, शंकरपाळी यांचे शत्रू दोन. दमट हवेनं ते सादळतात आणि ऑक्सिजननं तेल खवट होतं. उजेड या खवटपणाला वेग देतो. हळदीचा आणि मिरचीचा रंग उजेडानं उतरतो, मसाल्याचा वास प्लास्टिकमधून हळूहळू उडून जातो. पुरणपोळी, खव्याचे पदार्थ, ओल्या खोबऱ्याच्या वड्या यांना बुरशी धरते. रवा, बेसन, भाजणीत पोरकिडे होतात. लोणच्याचा प्रश्न उलटा आहे: ते बाहेरच्या हवेपेक्षा आतून पाकिटावर हल्ला करतं. आणि फळं जिवंत असतात, श्वास घेतात. त्यांना हवाबंद केलं तर गुदमरतात.

आता प्लास्टिककडे या. पॉलिथिन पाणी चांगलं अडवतं, पण ऑक्सिजन त्यातून चाळणीसारखा जातो. नायलॉनचं उलट आहे: ऑक्सिजन अडवतो, पण ओलावा तेवढा अडवत नाही. पॉलिएस्टर, ज्याला बाजारात पेट म्हणतात, मधल्या दर्जाचं, पण ताठ, चकचकीत आणि छपाईला उत्तम. ईव्हीओएच नावाचं राळेसारखं प्लास्टिक ऑक्सिजनला जवळपास भिंतच आहे. मात्र ते भिजलं की ढिलं पडतं, म्हणून नेहमी दोन पॉलिथिनच्या मध्ये दडवलेलं असतं. पेट किंवा बीओपीपी म्हणजे ताणलेल्या पॉलिप्रॉपिलिनच्या फिल्मवर ॲल्युमिनियमची वाफ बसवली की मेटलाइज्ड फिल्म तयार होते. कुरकुरीत पदार्थांच्या पाकिटाची चंदेरी आतली बाजू ती हीच. एकाच फिल्ममध्ये सगळे गुण नसतात, म्हणून थर एकावर एक चिकटवून लॅमिनेट करावं लागतं.

किती फरक पडतो ते आकड्यांतच पाहा. २०० ग्रॅम चिवड्याचं पाकीट २० बाय २५ सेंटिमीटरचं धरू. दोन्ही बाजू मिळून पृष्ठभाग ०.१ चौरस मीटर. आत मोकळी जागा साधारण ३०० मिलिलिटर. ५० मायक्रॉनच्या साध्या पॉलिथिनमधून दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे ३,५०० मिलिलिटर ऑक्सिजन जातो. ही चाचणी शुद्ध ऑक्सिजनवर करतात, हवेत तो पाचवा हिस्साच असतो. म्हणून पाचानं भागा, आपल्या आकारानं गुणा: पहिल्या दिवशी सत्तर मिलिलिटरच्या वेगानं ऑक्सिजन आत यायला लागतो. आत नायट्रोजन भरला असला तरी दीड-दोन दिवसांत तिथली हवा जवळपास बाहेरच्यासारखीच होते. गॅसचा खर्च वाया.

आता तेच पाकीट पेट, मेटलाइज्ड पेट आणि पॉलिथिन या तीन थरांचं करा. तिथे ऑक्सिजनचा आकडा दीडच्या आसपास येतो. तोच हिशेब केला तर दिवसाला ०.०३ मिलिलिटर, सहा महिन्यांत साडेपाचच्या आत-बाहेर, म्हणजे मोकळ्या जागेच्या दोन टक्क्यांहून कमी. खाऱ्या, तळलेल्या पदार्थांसाठी आत ऑक्सिजन दोन टक्क्यांच्या खाली ठेवायचा असं या धंद्यात मानतात. सहा महिन्यांचा दावा या पाकिटावर करता येतो, साध्यावर येत नाही. पुरवठादाराकडे जाल तेव्हा "जाड द्या" असं म्हणू नका. ऑक्सिजन आणि बाष्प किती जातं, याचे चाचणीचे दोन आकडे लेखी मागा. जो ते देऊ शकत नाही, त्याच्याकडून खाद्यपदार्थाचं पाकीट घेऊ नये.

प्रत्येकाला सहा महिने लागत नाहीत, हेही लक्षात ठेवा. आठवडे बाजारात आणि तालुक्याच्या दुकानांत महिन्याभरात संपणाऱ्या फरसाणाला बीओपीपी आणि मेटलाइज्ड बीओपीपीचं दोन थरांचं पाकीट पुरतं, आणि ते स्वस्तही पडतं. दिवाळीचा फराळ परदेशातल्या मुलाबाळांना पाठवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तो माल विमानात, गोदामात, कुरिअरच्या गाडीत किती दिवस राहील ते आपल्या हातात नसतं. तिथे वरचा दर्जाच घ्यावा.

नायट्रोजन: थोडक्या खर्चात मोठा फायदा

नायट्रोजन भरणं हे काही कारखान्यांचंच तंत्र राहिलेलं नाही. गॅस सोडणारा बँड सीलर लहान उद्योगाच्या आवाक्यात आला आहे. उंच लोखंडी सिलिंडरमध्ये साधारण सात घनमीटर गॅस असतो. आतली हवा हुसकून लावायला मोकळ्या जागेच्या चार-पाच पट गॅस लागतो असं धरा. एका पाकिटाला दीड लिटर, म्हणजे एका सिलिंडरमध्ये साडेचार हजारांच्या आसपास पाकिटं. सिलिंडरची स्थानिक किंमत त्या आकड्यानं भागून पाहा, पाकिटामागे येणारी रक्कम पाहून बरेच जण चकित होतात. गॅस खाद्यपदार्थांसाठीचाच घ्या. वेल्डिंगच्या दुकानातून सिलिंडर उचलून आणू नका. आणि हे काम बंद खोलीत कधीही करू नका. नायट्रोजनला वास नसतो. तो साठला तर माणसाला कळायच्या आत भोवळ येते. खिडकी उघडी हवी, सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधलेला हवा.

सील हा या सगळ्याचा प्राण आहे. तापमान, दाब आणि वेळ या तिन्हींचा मेळ बसला तरच सील धरतं, आणि पाकीट बदललं की मेळ पुन्हा बसवावा लागतो. भरताना रुंद नळीचं नसराळं वापरा, म्हणजे तोंडाचे वरचे दोन इंच कोरडे राहतील. तिखट-हळदीचा माल असेल तर आतला थर मेटॅलोसीन पद्धतीच्या पॉलिथिनचा मागा. हे नवं पॉलिथिन कमी उष्णतेला वितळतं आणि थोडी पूड किंवा तेल मध्ये आलं तरी धरून राहतं. पाकिटामागे फरक थोड्या पैशांचा असतो. साताऱ्याच्या त्या ताईंनी दोनच गोष्टी केल्या: नसराळं घेतलं आणि पुढच्या खेपेला खिडकी काढून टाकली. आता दर तासाला एक पाकीट बादलीत बुडवून पाहायचं काम गटातल्या एकीकडे कायमचं दिलं आहे.

लोणचं, लाडू, पुरणपोळी

लोणच्याला ॲल्युमिनियम फॉईलचं पाकीट देऊ नका. मीठ आणि आंबटपणा मिळून फॉईलला बारीक भोकं पाडतात, आणि तेल पाझरायला लागतं. लोणच्याला नायलॉन किंवा ईव्हीओएच मध्ये असलेलं पाच किंवा सात थरांचं, एकाच वेळी ओतून काढलेलं पॉलिथिनचं पाकीट योग्य. पण त्याआधी लोणचं पुरतं मुरू द्या. घाईत भरलेलं लोणचं आत आंबत राहतं, पाकीट फुगतं आणि दोष पाकिटावर येतो.

बेसनाचे, डिंकाचे लाडू आणि सुका मेवा यांच्यासाठी ऑक्सिजन शोषून घेणारी छोटी पुडी फार उपयोगी. तिच्यात लोखंडाची पूड असते; ती गंजताना आतला ऑक्सिजन संपवते. वरच्या पाकिटातल्या ३०० मिलिलिटर हवेत ६३ मिलिलिटर ऑक्सिजन असतो, म्हणून १०० मिलिलिटर क्षमतेची पुडी पुरेशी. पुड्यांचं मोठं पाकीट फोडलं की अर्ध्या तासात वापरून संपवायचं, उरलेल्या लगेच हवाबंद करायच्या. नाहीतर त्या तिथेच टेबलावर गंजून जातात. पुडीवर "खाऊ नये" हे मराठीत ठळक छापलेलं हवं, घरात लहान मुलं असतात. सिलिका जेलची पुडी वेगळी, ती ओलावा ओढते. दोन्हींची अदलाबदल करून चालत नाही.

पुरणपोळीबद्दल मला रोज विचारतात. पोळीत ओलावा आहे, गूळ आहे, डाळ आहे. बुरशीला ऑक्सिजन लागतो, म्हणून शोषक पुडी आणि चांगलं पाकीट यांनी ती लांबते. पण बाहेरच्या हवेत महिनाभर टिकवण्याचा दावा करायच्या आधी प्रयोगशाळेत पाण्याची क्रियाशीलता, म्हणजे जंतूंना वापरता येणारं मोकळं पाणी, मोजून घ्या. आकडा मोठा आला तर पोळी गोठवूनच विका. गोठवलेल्या पुरणपोळीला आज ग्राहक आहे.

व्हॅक्यूमचा धोका

इथे मी हात जोडून सांगतो. पिठलं, आमटी, मिसळीचा कट, पनीरची भाजी असे ओले पदार्थ नुसते व्हॅक्यूम करून बाहेरच्या तापमानाला विकू नका. हवा काढली म्हणजे जंतू मेले असं होत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू हवा नसेल तिथेच वाढतो, आणि त्याचं विष माणसाचा जीव घेतं. पदार्थाला वास येत नाही, चव बदलत नाही. आंबटपणा मोजायच्या पीएच पट्टीवर (आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर असलेला कोणताही ओला पदार्थ या धोक्यात येतो. कोकम आगळ, आमरस, चिंचेची चटणी खाली येतात, त्या गरम गरम भरून सुरक्षित ठेवता येतात. आमटी-पिठलं येत नाही.

अशा पदार्थांसाठी रिटॉर्ट पाऊच आहे. जपानमध्ये १९६८ साली ओत्सुका कंपनीनं पाऊचमधली तयार करी बाजारात आणली, तेव्हापासून हे तंत्र घरोघरी पोचलं. आपल्याकडे मैसुरूच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं जवानांच्या शिध्यासाठी त्यावर मोठं काम केलं. पाऊचमध्ये बाहेर १२ मायक्रॉन पेट, मग ९ मायक्रॉन ॲल्युमिनियम फॉईल, मग १५ मायक्रॉन नायलॉन आणि आत ७० मायक्रॉनचा विशेष पॉलिप्रॉपिलिन, अशी साधारण रचना असते. भरलेला पाऊच दाबाखाली १२१ अंशांना शिजवतात, पदार्थाच्या सगळ्यांत थंड जागी निदान तीन मिनिटांइतका परिणाम व्हावा लागतो. चपटा पाऊच डब्यापेक्षा लवकर तापतो, त्यामुळे पदार्थ कमी वेळ शिजतो आणि चव टिकते. आता फॉईलऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिका यांचा पारदर्शक मुलामा दिलेली फिल्म येते. असा पाऊच मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येतो आणि माल दिसतोही.

रिटॉर्टचं यंत्र घरगुती धंद्यानं विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्र महाग आहेच, पण खरी किंमत आहे ती प्रत्येक पदार्थासाठी उष्णतेचं वेळापत्रक ठरवण्याची. तापमानाच्या सुया पाऊचमध्ये खोचून, तज्ज्ञाकडूनच ते ठरवावं लागतं. ज्यांच्याकडे यंत्र आणि तज्ज्ञ दोन्ही आहेत त्यांच्याकडून जॉबवर्क करून घ्या. मैसुरूची सीएफटीआरआय ही १९५० पासून काम करणारी केंद्रीय संस्था अशा प्रक्रियांचं तंत्र उद्योगांना देते.

फळं: श्वास घेऊ द्या

द्राक्ष, डाळिंब, अंजीर, स्ट्रॉबेरी यांचं पॅकिंग हे निराळं शास्त्र आहे. नाशिकच्या निर्यातीच्या द्राक्षपेटीत छिद्रांच्या अस्तरात एक कागदी पॅड ठेवतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओलाव्यानं ते हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडतं आणि बुरशी रोखतं. थोडा वायू लवकर, बाकीचा आठवड्यांनी, असे दोन टप्प्यांचे पॅड मिळतात. डाळिंबाला पाच-सहा अंशांच्या शीतगृहात सुधारित वातावरणाची पिशवी लावली तर दोन-तीन महिने दाणे आणि साल दोन्ही ताजे राहतात. पिशवीचं काम असं की फळ श्वासातून ऑक्सिजन कमी करतं, कार्बन डायऑक्साइड वाढवतं, आणि फिल्म दोन्हींचा तोल राखते. त्यासाठी हल्ली लेझरनं केसाहून बारीक छिद्रं पाडलेल्या फिल्मही मिळतात. पण एका फळाची पिशवी दुसऱ्याला चालत नाही. जास्त घट्ट पिशवीत आंबा ठेवला तर त्याला दारूसारखा वास येतो. ठरलेलं तापमान पाळता येत नसेल तर या पिशवीवर पैसे घालू नका.

एकाच जातीचं प्लास्टिक

आता सगळ्यांत मोठा बदल. पेट, फॉईल आणि पॉलिथिन चिकटवून केलेलं पाकीट टिकवायला उत्तम, पण वापरून झाल्यावर त्याचे थर सुटे करता येत नाहीत. भंगारवाला ते उचलत नाही. ते सिमेंटच्या भट्टीत जळतं, नाहीतर नाल्यात अडकतं. पंढरपूरच्या वाळवंटात वारीनंतर उरणारी चमचमती पाकिटं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांगायची गरज नाही.

म्हणून जगभर एकाच जातीच्या प्लास्टिकची पाकिटं बनवण्याचा प्रयत्न चालू आहे. बाहेर ताणून ताठ केलेलं पॉलिथिन, आत मऊ पॉलिथिन, मध्ये पाच टक्क्यांपर्यंत ईव्हीओएच, असं पाकीट पुनर्वापराच्या कारखान्यात एकत्र वितळवता येतं. बीओपीपीवर मेटलाइज्ड बीओपीपी आणि आत पॉलिप्रॉपिलिन, हा त्याचाच दुसरा मार्ग. अडचण सीलची आहे. पेट अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं आणि आतलं पॉलिथिन सव्वाशेच्या आतच, त्यामुळे जबडा बिनधास्त तापवता येतो. दोन्ही बाजू पॉलिथिनच्या असतील तर बाहेरची बाजूही सुरकुतायला लागते. मशीनवाल्याला तापमान बारकाईनं सांभाळावं लागतं, वेग थोडा कमी करावा लागतो. हे शिकलेला ऑपरेटर येत्या काळात फार मोलाचा ठरणार आहे.

खतात विरघळणाऱ्या प्लास्टिकबद्दल उत्साह मोठा आहे. पीएलए, पीबीएटी यांची फिल्म चांगली असते, पण ओलावा सहज सोडते. चिवडा त्यात काही दिवसांत सादळतो. शिवाय ते विरघळायला ५८ अंशांच्या आसपास तापणारा औद्योगिक खतखड्डा लागतो, परसातला उकिरडा पुरत नाही. त्याच दिवशी खपणाऱ्या पाव-भाजीपाल्याला ते ठीक. मात्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय विकत घेऊ नका. नुसतं "बायोडिग्रेडेबल" छापलेल्या पिशव्यांवर भरवसा ठेवू नका.

कायदा, जेवढा लागतो तेवढा

खाद्य सुरक्षा प्राधिकरणाचे पॅकेजिंगचे नियम २०१८ चे आहेत. प्लास्टिकमधून अन्नात उतरणारे घटक किलोला ६० मिलिग्रॅमच्या आत हवेत. ही चाचणी भारतीय मानक ९८४५ नुसार होते. शाई मानक १५४९५ ची हवी, म्हणजे तिच्यात टोल्युईन नसतं. वर्तमानपत्रात भजी बांधायला बंदी आली ती याच नियमांनी. पुरवठादाराकडून उतरणारे घटक आणि शाई या दोन गोष्टींचा दाखला प्रत्येक नव्या लॉटला घ्या. मुंबईत अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग ही १९६६ पासूनची संस्था आहे. चाचण्याही होतात आणि पॅकेजिंगचं शिक्षणही मिळतं. मिठाईवाल्यांनी एक लक्षात ठेवा: खोक्यावर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. राज्याची प्लास्टिकबंदीची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आणि तिच्या दुरुस्त्या वेगळ्या वाचाव्या लागतात.

१६ फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनी प्लास्टिकचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी पाकीट बनवणाऱ्यांसाठी, आयात करणाऱ्यांसाठी आणि मोठ्या ब्रँडमालकांसाठी सविस्तर आखून दिली. सूक्ष्म आणि लघु ब्रँडमालकांना त्यात सवलत ठेवली आहे, पण आपण त्या वर्गात बसतो का ते उद्यम नोंदणी काढून तपासा. २०२५-२६ या वर्षासाठी ताठ डब्यांत ३० टक्के, नुसत्या प्लास्टिकच्या थरांच्या लवचिक पाकिटांत १० टक्के आणि फॉईल किंवा कागदासारखा प्लास्टिकेतर थर असलेल्या बहुस्तरीय पाकिटांत ५ टक्के पुनर्वापर केलेलं प्लास्टिक वापरण्याचं उद्दिष्ट ठरवलं होतं. अन्नाला लागणाऱ्या थरात मात्र वाटेल ते पुनर्वापराचं प्लास्टिक चालत नाही. बाटल्यांपासून पुन्हा केलेलं, मान्यता मिळालेलं पेट तेवढं चालतं. या नियमांमुळेच मोठे ब्रँड एकजातीय पाकीट मागायला लागले आहेत, आणि धंद्याची संधी नेमकी तिथे आहे.

पैसा कुठे आहे

तरुण मुलं येतात आणि विचारतात, पाऊचची फॅक्टरी टाकू का? बहुस्तरीय फिल्म काढणारा प्लांट, छपाई, लॅमिनेशन, कटिंग हे सगळं एकदम टाकायला कोट्यवधी रुपये लागतात आणि समोर मोठे कारखाने रोल अगदी थोड्या नफ्यावर विकतात. मी नको म्हणतो.

त्याऐवजी खालचा हिशेब बघा. सिलिंडरवर छपाई करणारा कारखाना कमीत कमी काही शे किलोचा रोल देतो. आपल्या चिवड्याच्या पाकिटाला साधारण साडेआठ ग्रॅम फिल्म लागते. ३०० किलोचा रोल म्हणजे पस्तीस हजार पाकिटं. महिन्याला पाचशे पाकिटं विकणाऱ्या गटाला तो रोल जवळपास सहा वर्षं पुरेल! तोवर पत्ता बदलतो, परवाना क्रमांक बदलतो, नियम बदलतात आणि रोल रद्दी होतो. शिवाय दर रंगाला एक सिलिंडर कोरून घ्यायचा खर्च वेगळा. या मधल्या रिकाम्या जागेत काम करणारे लोक फार कमी आहेत. चांगल्या प्रतीच्या कोऱ्या लॅमिनेटचे तयार पाऊच ठेवायचे, डिजिटल छपाईनं हजार-दोन हजार नग छापून द्यायचे, जोडीला नायट्रोजन भरून देण्याचं आणि सील तपासून देण्याचं काम घ्यायचं. कोल्हापूर, सांगली, नाशिक, नागपूर, रत्नागिरी या जिल्ह्यांत अशी सेवा मागणारे गृहउद्योग भरपूर आहेत. पुढे मागणी जमली की एकजातीय पाऊचचा जिल्ह्याचा पुरवठादार व्हा. आज मोठे ब्रँड जे मागतात, ते पुढे साखळी दुकानं त्यांच्या लहान पुरवठादारांकडूनही मागणार, असा माझा अंदाज आहे.

सोलकढी, उसाचा रस, नीरा यांना अतिउच्च दाबाचं तंत्र येऊ घातलं आहे. बाटलीत भरलेला रस चार ते सहा हजार वातावरणांइतक्या दाबाखाली ठेवतात, तो तापवावा लागत नाही आणि थंड साखळीत जास्त दिवस टिकतो. काचेची बाटली हा दाब सोसत नाही, प्लास्टिकचीच लागते. यंत्र अफाट महाग असल्यामुळे तेही जॉबवर्कचंच क्षेत्र आहे.

भांडवलासाठी २०२० साली सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना पाहा. बँकेच्या कर्जाला जोडून प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान तिच्यात मिळतं. महाराष्ट्रात ती कृषी विभाग राबवतो. अर्ज सध्या घेतले जात आहेत का आणि पॅकिंगची कोणती यंत्रं मान्य आहेत, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा. जिल्ह्याचा संसाधन व्यक्ती प्रकल्प अहवाल करायला मदत करतो.

स्वतःची चाचणी

टिकण्याची मुदत पाकीटवाला सांगतो म्हणून छापू नका. प्रत्येक नव्या पाकिटाचे चोवीस नग बाजूला काढा. आठ घरच्या फडताळात ठेवा. आठ एखाद्या नातेवाइकाकडे चिपळूणला किंवा सावंतवाडीला पाठवा, तिथली जुलैतली हवा कुठल्याही यंत्रापेक्षा कडक परीक्षा घेते. आठ विदर्भात, मेमध्ये, पत्र्याच्या छपराखाली. प्रत्येक ठिकाणी दर पंधरा दिवसांनी एक फोडायचं. आधी सीलचा कोपरा पाहायचा, मग नाक लावायचं, मग एक शेंगदाणा चावायचा. तारीख, वास, कुरकुरीतपणा वहीत लिहायचा. जिथे पहिल्यांदा नाक मुरडेल ती तारीख शोधा आणि पाकिटावर तिच्या दोन-तृतीयांश दिवसच छापा. सातारच्या ताईंच्या वहीत चिपळूणच्या पाकिटासमोर अकराव्या आठवड्याला "अजून कुरकुरीत, दाणा ठीक" अशी नोंद आहे; पाकिटावर त्यांनी सध्या दोन महिनेच छापले आहेत.